बंद केलेला पाठपुरावा सकाळी पुन्हा उघडा का दिसतो?

लक्षण बहुतेक सगळीकडे सारखंच असतं. कोणी काय कबूल केलंय आणि कुणाकडे काय मागायचंय याची यादी ठेवणारा एआय सहायक तुम्ही बसवला. पहिले काही दिवस तो छान चालतो. मग एका संध्याकाळी तुम्ही एक नोंद 'पूर्ण' म्हणून बंद करता आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत तीच नोंद, जरा वेगळ्या शब्दांत, परत वर आलेली असते. पुन्हा बंद केली, पुन्हा आली. असं आठवडाभर झालं की माणूस यादी वाचायचंच सोडतो, आणि ज्या एका खरोखर राहिलेल्या कामासाठी हे सगळं उभं केलं तेही त्या गर्दीत दिसेनासं होतं.

नाशिक परिसरात मी असे सहायक द्राक्ष बागायतदार, पॅकहाऊस आणि अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्यांसाठी बसवून देते. सांगाडा साधारण ठरलेला असतो: धंद्याच्या व्हॉट्सॲप नंबरवर येणारे मेसेज अधिकृत एपीआयमधून (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे माहिती जाण्याचा मार्ग) डेटाबेसमध्ये पडतात, एआय मॉडेल ते वाचून कोणी कोणाला काय शब्द दिला याच्या नोंदी काढतं आणि सकाळी मालकाला यादी जाते. नोंदी परत उघडायला लागल्या की लोक आधी प्रॉम्प्टला, म्हणजे मॉडेलला लिहून दिलेल्या सूचनेला, हात घालतात. 'जुन्या नोंदी परत देऊ नकोस' हे आणखी ठळक लिहितात. त्यानेही भागलं नाही तर महागडं मॉडेल घेतात. दोन्हीने दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी तेच.

माझं मत ठाम आहे: मॉडेलला वाचायला ठेवा, हिशेब ठेवायला ठेवू नका. किराणा दुकानदार उधारीची वही रोज सकाळी आठवणीवरून नव्याने लिहीत नाही. तुमच्या सहायकाने तरी रोज मागच्या आठवड्याचे सगळे मेसेज वाचून यादी नव्याने का बनवावी? नोंद उघडी की बंद हे टेबलमध्ये ठरलं पाहिजे. मॉडेलने फक्त सुचवायचं.

सुरुवात मेसेजच्या आयडीपासून

परत आलेली नोंद घ्या आणि ती कोणत्या मेसेजवरून तयार झाली ते पाहा. एपीआयमधून येणाऱ्या प्रत्येक मेसेजला स्वतःचा वेगळा आयडी असतो. तुमच्या टेबलमध्ये तो साठवलेलाच नसेल तर बाकी काही करण्याआधी तो रकाना जोडा आणि थोडे दिवस जाऊ द्या. त्याशिवाय पुढची सगळी तपासणी अंदाजपंचे होते.

आयडी हाताशी असला की प्रश्न एवढाच उरतो: बंद केलेली जुनी नोंद आणि आज उगवलेली नवी नोंद एकाच मेसेजमधून आल्यात की दोन वेगळ्या?

एकाच मेसेजमधून आल्या असतील तर तो मेसेज दोनदा वाचला गेलाय. मॉडेलने काल 'तीनशे पेट्या पोचवणे' लिहिलं, आज 'पेट्यांची डिलिव्हरी, नग तीनशे' लिहिलं, आणि तुमचा प्रोग्राम मजकूर जुळवून बघत असल्यामुळे त्याला दोन वेगळी कामं दिसली. टेंपरेचर (मॉडेलच्या उत्तरात किती फेरफार चालेल ते ठरवणारं सेटिंग) शून्यावर ठेवलं तरी शब्द हुबेहूब तेच येतील याची खात्री नसते. मजकुरावर ओळख बांधणं सोडा. मेसेज एकदा वाचला की 'वाचला' असा शिक्का टेबलमध्ये मारा आणि तो परत मॉडेलकडे पाठवूच नका. प्रॉम्प्ट बदलल्यामुळे जुने मेसेज पुन्हा वाचायचेच असतील तर त्या मेसेजच्या आधीच्या नोंदी त्यांच्या क्रमांकासकट मॉडेलला द्या आणि क्रमांक परत मागा.

याच प्रकारातलं दुसरं कारण मॉडेलपर्यंत जातच नाही. नवा मेसेज आला की व्हॉट्सॲप तो तुमच्या सर्व्हरकडे ढकलतं, याला वेबहूक म्हणतात. हा वेबहूक सर्व्हरकडून २०० या, म्हणजे 'मिळालं' अशा अर्थाच्या, उत्तराची वाट बघतो. ते आलं नाही तर तोच मेसेज पुन्हा पाठवतो. वेबहूक आल्याआल्या तिथेच मॉडेलला हाक मारली, मॉडेलला उत्तर द्यायला वेळ लागला, की हे घडतं. मेसेज साठवा, २०० लगेच द्या, वाचन मागाहून रांगेतून करा. आयडीच्या रकान्याला युनिक अट (एकच आयडी दोनदा चालणार नाही) लावली की दुसऱ्यांदा आलेला मेसेज दारातूनच परत जातो.

आणि नोंद बंद करताना ती ओळ पुसत असाल तर ते आजच थांबवा. पुसलेली नोंद सहायकाच्या दृष्टीने कधी नव्हतीच. बंद करणं ही वेगळी घटना म्हणून लिहा: कोणी बंद केली, कधी, कशावरून.

दोन वेगळे मेसेज, एकच शब्द

हा प्रकार जास्त चिवट आहे. माणसं दिलेला शब्द एकदाच बोलून गप्प बसत नाहीत. पेटीवाला बुधवारी म्हणतो 'उद्या पोचवतो', गुरुवारी गाडी येऊन जाते, शुक्रवारी तो लिहितो 'त्या तीनशे पेट्यांचं बघून घ्या, बाकीच्या सोमवारी देतोच'. मॉडेलला शुक्रवारच्या वाक्यात पेट्या दिसतात, देणं दिसतं, आणि ते तीनशे पेट्यांची नवी नोंद करून मोकळं होतं.

बहुतेक जण यावर उपाय करतात तो अर्धाच असतो. नवीन मेसेजसोबत त्या माणसाच्या उघड्या नोंदी मॉडेलला देतात आणि विचारतात, 'हे यातलं काही आहे का?' पण तीनशे पेट्यांची नोंद गुरुवारीच बंद झाली, म्हणजे ती या यादीत नाही. मॉडेलने बिचाऱ्याने काय ओळखावं? त्याच्यासमोर ती नोंद नाहीच, म्हणून ते नवी काढतं. नोंद बंद केली म्हणूनच ती परत उगवते, असा हा पेच आहे.

म्हणून उघड्या नोंदींबरोबर त्याच माणसाच्या अलीकडे बंद झालेल्या नोंदीही द्या. द्राक्षाच्या हंगामात मी मागचे तीन आठवडे धरते, कारखान्याच्या जॉबवर्कला त्याहून जास्त लागतं. मॉडेलकडून उत्तर मात्र मोजक्या पर्यायांतच घ्या: नवी नोंद, आधीचीच नोंद, आधीच्या नोंदीत बदल, आधीची नोंद पूर्ण, किंवा यात शब्द दिलेलाच नाही. 'नवी' आणि 'शब्द दिलेलाच नाही' ही दोन सोडून प्रत्येक उत्तरासोबत नोंदीचा क्रमांक आलाच पाहिजे. क्रमांक नसेल किंवा तुमच्या टेबलमध्ये नसलेला असेल तर ते उत्तर फेकून द्या आणि मेसेज माणसाच्या नजरेखाली घाला. माझ्या पाहण्यात या एका बदलाने सगळ्यात जास्त फरक पडतो.

समोरच्याने एखादा मेसेज धरून उत्तर दिलं असेल तर एपीआयमध्ये त्या मूळ मेसेजचा आयडीही येतो. तो वापरा. नुसतं 'झालं' किंवा 'पाठवलं' असं येतं तेव्हा कशाबद्दल हे सांगणारा तेवढाच पुरावा असतो. तो नसेल आणि त्या माणसाची एकच नोंद उघडी असेल तर सहायकाने 'ही बंद करू का?' असं मालकाला विचारावं. दोन-तीन उघड्या असतील तर सगळ्या दाखवून विचारावं. अंदाजाने बंद करू नये.

इथेच एक दुरुस्ती रचनेत करावी लागते. 'उघडी' आणि 'बंद' या दोन अवस्था पुरत नाहीत. व्यापारी लिहितो 'पैसे टाकले'. सहायक नोंद बंद करतो. खात्यावर रक्कम दिसत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बागायतदार लिहितो 'अजून आले नाहीत, कधी टाकताय?' आणि नोंद परत उघडते. ही सहायकाची चूक म्हणता येणार नाही, दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत. मध्ये एक अवस्था घाला: 'समोरचा म्हणतो झालं'. ती सकाळच्या यादीत वेगळ्या जागी दिसावी, आणि यूटीआर नंबर (बँकेतल्या व्यवहाराचा क्रमांक), डिलिव्हरी चलान किंवा मालकाचं 'पोचलं' यातलं काही आल्यावरच 'बंद'मध्ये जावी. त्या मधल्या अवस्थेतून कोणालाही आपोआप आठवण जाता कामा नये. पैसे टाकलेल्या माणसाला 'पैसे टाकले का' असं यंत्राने विचारलं, तर वर्षानुवर्षांच्या व्यवहाराला ओरखडा पडतो.

पहाटेचे मेसेज आणि एक दिवस मागे सरकलेली तारीख

आता तारखा. नोंदी परत उघडण्याचं हे छुपं कारण आहे, कारण इथली चूक दिसते वेगळ्याच ठिकाणी.

द्राक्षाची तोडणी सकाळच्या गारव्यात चालते, त्यामुळे दिंडोरी-निफाडकडचे मेसेज पहाटे पाचपासून सुरू होतात. समजा बुधवारी पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी पेटीवाल्याचा मेसेज आला: 'उद्या सकाळी तीनशे पेट्या पोचवतो, बाकीच्या सोमवारी. बिल नंतर टाकतो.' तुमचा सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा मंगळवारचे रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं झालेत. 'उद्या' म्हणजे सर्व्हरच्या हिशेबाने बुधवार. बुधवारी दुपारी सहायक मालकाला सांगतो, पेट्या आल्या नाहीत. मालक पेटीवाल्याला फोन करतो, तो म्हणतो उद्याचं ठरलंय, मालक वैतागून नोंद बंद करतो. गुरुवारी पेट्या येतात, 'तीनशे उतरवल्या' असा मेसेज येतो, सहायकाला उघडी नोंद सापडत नाही, आणि तो नवी काढतो.

पहाटे साडेपाचच्या आधी आलेल्या मेसेजमधल्या नोंदी वेगळ्या काढून बघा. गडबड तिथेच गोळा झालेली दिसली तर कारण सापडलं. वेबहूकमध्ये वेळ सेकंदांच्या आकड्यात येते. ती आधी 'एशिया/कोलकाता' या टाइमझोनमध्ये बदला आणि मगच तारीख काढा. मॉडेलला मेसेजसोबत वारासकट तारीख द्या, आणि ती मेसेज आला त्या वेळेची असू द्या. रात्रीच्या रांगेत अडकलेला मेसेज दुसऱ्या दिवशी वाचला आणि मॉडेलने 'आज' म्हणजे वाचण्याचा दिवस धरला, तर सगळ्या तारखा एक दिवस पुढे जातात. म्हणजे एकाच सहायकात काही तारखा मागे आणि काही पुढे अशी अवस्था होऊ शकते, आणि मग कोडं सुटत नाही.

तारखेची बेरीज-वजाबाकी मॉडेलकडून करून घेऊ नका. त्याने वाक्यातला तुकडा जसाच्या तसा उचलावा, 'येत्या सोमवारी', 'आठ दिवसांत', 'पाडव्याला', आणि त्याचा प्रकार सांगावा. बाकी हिशेब तुमच्या प्रोग्रामचा. 'आठ दिवसांनी' म्हणजे पुढच्या आठवड्यातला तोच वार आणि 'पंधरा दिवसांनी' म्हणजे बरोबर दोन आठवडे, हे आपण न सांगता समजतो; प्रोग्रामला लिहून द्यावं लागतं. 'परवा' मागचा की पुढचा हे क्रियापदावरून ठरवायला मात्र मॉडेल लागतं, आणि ते काम ते चांगलं करतं. 'पाडव्याला' आलं की गुढीपाडवा की दिवाळीचा पाडवा हे मेसेजच्या तारखेला जवळचा कोणता यावरून ठरवा आणि मालकाकडून एकदा होकार घ्या.

बागायतदारांसाठी याहून महत्त्वाची एक मोजणी आहे. फळछाटणीनंतर बागेचं सगळं वेळापत्रक छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतं. 'बाग बेचाळीस दिवसांची झाली' असं म्हणतात. सल्लागार लिहितो, 'साठ दिवसांना परत बघायला येतो.' सहायक आजपासून साठ दिवस मोजतो आणि भेट दोन महिन्यांनी टाकतो. प्रत्यक्षात त्या प्लॉटला अठरा दिवस उरलेत. भेट वेळेत होते, सहायकाला ते कळत नाही, आणि दोन महिन्यांनी, तोडणीच्या तोंडावर, सल्लागार न आल्याची तक्रार यादीत उगवते. यासाठी प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख वेगळ्या टेबलमध्ये ठेवा आणि बागेसंबंधीच्या मेसेजमधले दिवस त्या तारखेपासून मोजा. एकाच शेतकऱ्याच्या दोन प्लॉटची छाटणी पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने झालेली असू शकते. मेसेजमध्ये प्लॉटचं नाव नसेल तर विचारा. छाटणीचा दिवस शून्य धरायचा की एक, हेही ज्याची बाग त्यालाच विचारून घ्या.

कारखान्यांकडे अशीच एक मोजणी येणं वसूल करण्याची. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल पुरवला तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याच्या कलम १५ प्रमाणे खरेदीदाराने ठरल्या तारखेला पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. मोजणी माल स्वीकारल्यापासून होते. बिलावरच्या तारखेपासून मोजणारा सहायक आठवण भलत्या दिवशी देतो, म्हणून माल पोचल्याची तारीख नोंदीत हवीच. आणि ज्या कारखान्याची आठवडी सुट्टी शनिवारी असते, तिथे शनिवार-रविवार मिळून सुट्टी धरणारं तयार कॅलेंडर वापरू नका.

सारखी दिसणारी पण वेगळी अक्षरं

हे पटकन तपासून होतं. 'शेतकऱ्यांना', 'व्यापाऱ्याचे', 'दुसऱ्या' या शब्दांतला अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड दोन प्रकारे लिहितात: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारी खूण). पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं एका रूपात आणणं) हे एकत्र करत नाही. बदल स्वतः लिहावा लागतो. जॉइनर सरसकट पुसू नका, शब्द बिघडतात.

आकड्यांचंही तसंच. पायथनला '२५' दिलं तर तो पंचवीस समजतो. जावास्क्रिप्ट समजत नाही, त्यात अंक शोधायला वापरतात तो नमुनाही (रेग्युलर एक्स्प्रेशन) देवनागरी अंक सोडून देतो. संख्या निसटली की तीनशे पेट्यांची नोंद नुसती 'पेट्या' होते आणि सोमवारच्या बाकी पेट्यांशी गल्लत होते. 'दीड', 'अडीच', 'पावणेतीन' हे मॉडेल बरोबर ओळखतं का तेही एकदा बघून घ्या, कारण दराची आणि रकमेची बोलणी याच शब्दांत होतात.

जुनं बोलणं एक्स्पोर्ट केलेल्या चॅटफाईलमधून भरत असाल तर तारखेचा क्रम फोनच्या सेटिंगप्रमाणे बदलतो हे ध्यानात ठेवा. वेळ आणि एएम-पीएम यांच्यामध्ये काही फायलींत साधी जागा नसून वेगळंच न दिसणारं अक्षर असतं, त्यामुळे ओळी तुटतात आणि दोन मेसेज एकात मिसळतात. या फायलींत मेसेजचा आयडी नसतो. त्यांच्यावरून केलेल्या नोंदींवर 'जुन्या चॅटमधून' अशी खूण करा.

शब्द दिलाच नव्हता

काही नोंदी परत परत येतात कारण मुळात त्या नोंदी नसतातच. 'बघतो', 'कळवतो काय ते', 'जमलं तर येईन', 'तुमचं काम होऊन जाईल'. यात करणारा कोण किंवा तो नक्की काय करणार हे ठरलेलं नाही. मी मॉडेलकडून चार गोष्टी मागते: कोणी, कोणासाठी, काय आणि कधीपर्यंत. पहिल्या तीन सापडल्या आणि चौथी नसेल तर नोंद होते, पण 'मुदत नाही' अशी. वरच्या मेसेजमधलं 'बिल नंतर टाकतो' त्यात जातं. पहिल्या तिनांपैकी एक जरी नसेल तर नोंद होत नाही. 'पाठवा' ही मागणी आहे, समोरून 'हो' आल्यावरच ती नोंद होते. 'पाऊस उघडला की फवारणी घेऊ' यात तारीख शोधू नका, अट म्हणून वेगळी ठेवा आणि मालकाने 'उघडला' म्हटल्यावर मुदत लावा.

आठवण समोरच्याला पाठवण्याबद्दल दोन शब्द. त्या माणसाच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटले असतील तर व्हॉट्सॲपच्या एपीआयमधून साधा मेसेज जात नाही, व्हॉट्सॲपने आधी मंजूर केलेला ठरावीक मजकूर, म्हणजे टेंप्लेटच, लागतं. सहायक 'आठवण दिली' असं लिहून ठेवतो आणि प्रत्यक्षात ती गेलेलीच नसते. पाठवल्यावर पोचल्याची स्थिती वेबहूकमधून येते, तिच्यावरूनच 'दिली' असं लिहा. आणि पाठवण्याआधी मालकाने एकदा बघावं, हे मी सगळीकडे सक्तीचं ठेवते.

दुसऱ्यांचे मेसेज आपण मॉडेलकडे पाठवतोय याचं भान हवं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी नातेवाइकांच्या आजारपणाचा किंवा घरगुती वादाचा मजकूर पेट्यांच्या हिशेबात जायला नको. घरचे ग्रुप आणि धंद्याचा नंबर वेगळे ठेवा.

दुरुस्त्या टिकतायत का हे बघायला खऱ्या मेसेजमधून पन्नासेक निवडा: पहाटेचे, नुसतं 'झालं' म्हणणारे, परवा आणि पाडव्याचे, छाटणीच्या दिवसांचे. प्रत्येकाचं बरोबर उत्तर मालकाकडून लिहून घ्या. प्रॉम्प्ट किंवा मॉडेल बदललं की हा संच आधी चालवा, मग बदल लावा.

राहिला आजवर साचलेला ढीग. तो मॉडेलकडून साफ करून घेऊ नका. माणसानुसार नोंदी एकत्र लावा, मालकाला घेऊन बसा आणि एकेक निकालात काढा; बहुतेक माणसांच्या दोन-चारच निघतात. ज्या नोंदीला मेसेजचा आयडी नाही आणि मालकालाही काही आठवत नाही, ती 'अनिश्चित' म्हणून बाजूला ठेवा, तिच्यावरून कोणालाही आठवण जाऊ देऊ नका, आणि त्या माणसाशी पुढचं बोलणं होईल तेव्हा मालकाने स्वतः विचारून ती मिटवावी.